रुपयातले चौदा पैसे

आमच्या बहिणीच्या नातवाचा रिपोर्ट आला. घाबरू नका, डेंग्यूचा नाही. पोरगं साडेचार वर्षांचं आहे, बीड शहरातल्या एका शाळेत लहान गटातून मोठ्या गटात चाललंय, आणि त्या शाळेनं त्याच्या वाचनाच्या तयारीचा रिपोर्ट काढलाय. चार गुळगुळीत पानं, लाल-पिवळे-हिरवे खांब, आणि शेवटच्या पानावर रंगवलेली एक ओळ : ‘फिगर-ग्राउंड परसेप्शन – नीड्स सपोर्ट’. सपोर्टसाठी उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा वर्ग आहे. फी वेगळी.

बहिणीचा फोन आला. “दादा, लेकराला दिसत नाही म्हणायलेत का हे लोक?”

“दिसतंय त्याला. गर्दीतली वस्तू वेगळी काढता येत नाही म्हणतात.”

“त्याला? परवाच्या लग्नात तीनशे चपलांतून माझी चप्पल त्यानंच हुडकून आणली.”

मी गप्प बसलो. आमची बहीण संख्याशास्त्र शिकलेली नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालणं फार अवघड जातं.

रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवले. एकात एक घुसलेल्या आकृत्या होत्या : त्रिकोण, पतंग, चांदणी, अंडं. त्यातली चांदणी शोधून तिच्या कडेनं रंगीत पेन्सिल फिरवायची. पोरानं अंडं रंगवलं होतं, आणि छान रंगवलं होतं. चांदणीपेक्षा अंड्यात रस असणं हे साडेचार वर्षांच्या माणसाच्या दृष्टीनं मला तरी तर्काला धरून वाटलं.

आता थोडं गंभीर होऊ, कारण या चांदणीमागं खरंखुरं शास्त्र आहे. डोळा वेगळा आणि नजर वेगळी, हे आपल्या भाषेला कुठल्याही मानसशास्त्रज्ञानं सांगावं लागलं नाही. डोळ्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तक्ता टांगतं, ज्याला खालच्या ओळी दिसत नाहीत त्याला पुढं पाठवतं. ते काम सोपं आणि उपयोगाचं. नजरेचा नंबर काढणं अवघड. जनावरांच्या बाजारात डोळे सगळ्यांनाच असतात, नजर एखाद्यालाच.

तो नंबर काढायचा प्रयत्न मारियान फ्रॉस्टिग नावाच्या बाईंनी केला. मूळच्या व्हिएन्नाच्या, पुढं लॉस एंजेलिसला गेलेल्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लहान मुलांच्या नजरेचे पाच भाग पाडले : डोळ्याचा आणि हाताचा मेळ, गर्दीतून आकृती वेगळी काढणं, आकार लहान-मोठा-तिरका केला तरी तोच ओळखणं, उलटंसुलटं कळणं, आणि ठिपके जोडून नमुना उतरवणं. बाईंचा हेतू सरळ होता. शाळेत अडलेल्या लेकरांना हात द्यायचा होता. पण कुणी काही मोजायला लागलं की मागून दुसरा येतो आणि ते कशाशी तरी जुळवून बघतो. नजरेचे गुण एका बाजूला, वाचनाच्या तयारीचे किंवा वाचनाचे गुण दुसऱ्या बाजूला, मध्ये सहसंबंध. अमेरिकेत पुढची वीस वर्षं या एका विषयावर इतके अभ्यास झाले, की १९८२ साली केनेथ कवाले यांनी सगळे एकत्र करून मोजायला घेतले तेव्हा ते १६१ भरले. सरासरी सहसंबंध आला साधारण ०.३७.

०.३७ ऐकलं की माणसाला वाटतं, शंभरात सदतीस. काठावर पास! पण हा आकडा तसा वाचायचा नसतो. त्याचा वर्ग करायचा असतो. केला की उरतात ०.१४. म्हणजे वाचनात पोरापोरांमध्ये जो फरक दिसतो, त्यातल्या रुपयामागं चौदा पैशांचा हिशेब नजरेच्या गुणांशी जुळतो. उरलेले शहाऐंशी पैसे कुठं गेले, ते त्या गुळगुळीत पानांवर छापत नाहीत.

चौदा पैसे! बीड जिल्ह्यातल्या माणसाला याहून सोप्या भाषेत सांख्यिकी समजावता येणार नाही. आमच्याकडं पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली की सरकारसुद्धा दुष्काळ मानतं. (सरकारी कागदावर ती कधीच पैसेवारी झाली. आणे जाऊनही जमाना झाला, तोंडातून मात्र गेले नाहीत.) चौदा पैसे आणेवारीच्या गावात तहसीलदार टँकर पाठवेल, चारा छावणी उघडेल. आम्ही तिथं उन्हाळी वर्ग उघडलाय.

बरं, वाचनाऐवजी ‘वाचनाच्या तयारी’शी नजर जुळवायला गेलं तर आणखी एक गंमत आहे. तयारीची परीक्षा म्हणून अमेरिकेत जी सगळ्यांत चालली, त्या मेट्रोपॉलिटन रेडिनेस टेस्टच्या १९६५च्या आवृत्तीत सहा भाग होते. शब्दार्थ, ऐकणं, अक्षरं आणि अंक हे चार. उरलेले दोन कोणते? एकात सारख्याला सारखं जुळवायचं, दुसऱ्यात नमुना पाहून उतरवायचा. म्हणजे नजरेच्या परीक्षेतला त्रिकोण तयारीच्या परीक्षेतही वेष बदलून बसलेला. मग दोन्ही गुण जुळले तर नवल कसलं? एकच पोतं आडतीत दोन काट्यांवर घालायचं आणि वजन जुळलं म्हणून पेढे वाटायचे.

दुसरी खोट वयाची. साडेचारचं आणि साडेसहाचं पोर एकाच यादीत घातलं की मोठं पोर त्रिकोणही बरा काढणार आणि वाचणारही बरं. त्याची चप्पलही मोठीच असणार. मे महिन्यात आमच्याकडं टँकर वाढतात आणि रस्त्याच्या कडेला रसवंत्याही वाढतात. संबंध पक्का आहे, कुणीही मोजून घ्यावा. पण म्हणून रसवंत्या बंद केल्यानं नळाला पाणी येत नाही, आणि वाढवल्यानंही येत नाही.

हे सगळं त्या शाळेच्या समुपदेशक बाईंना मी नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर, ही टेस्ट नाहीच. हे इंटरॅक्शन आहे.” त्या शब्दामागची अक्कल मला उशिरा कळली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं प्रवेशासाठी चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढं प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. चाळणीला बंदी आली की माणसं सूप घेतात.

*

आता चौदा तर चौदा, पैसे आहेत ना? मग नजर घासूनपुसून घेतली तर वाचन सुधारेल की नाही? प्रश्न रास्त आहे, आणि उन्हाळी वर्गाचा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. नशिबानं हेही तपासून झालंय. फ्रॉस्टिग बाईंच्या पद्धतीनं सराव दिलेल्या मुलांवरचे अभ्यास हॅमिल आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली चाळले. वाचनाला त्याचा फायदा झाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मग १९८३ साली कवाले पुन्हा आले, या वेळी मॅटसन यांच्यासोबत. डोळा, हात, तोल, उड्या अशा सगळ्या सरावांचे १८० अभ्यास गोळा केले. एकूण परिणाम निघाला ०.०८. त्याचा मराठी अर्थ असा : शंभर पोरांच्या रांगेत बरोबर मध्ये, पन्नासाव्या जागेवर उभं असलेलं पोर इतक्या कसरतीनंतर त्रेपन्नाव्या जागेवर जातं. तीन पावलं. फी वेगळी.

म्हणजे ही सगळी चर्चा अमेरिकेत माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आसपासच मिटली होती. बीडला ती आता पोचतेय. यात नवल काही नाही. आमची रेल्वे १९९५ला मंजूर झाली आणि बीडहून अहिल्यानगरची पहिली गाडी २०२५च्या सप्टेंबरात सुटली. ‘तयारी’ या विषयात आमचा हात कुणी धरू नये.

आणि ज्यांना तीन पावलंही महाग वाटतात, त्यांच्यासाठी दुसरं दुकान होतंच. काही वर्षांपूर्वी गावोगाव ‘मिडब्रेन’चं फॅड आलं होतं, आठवतं? डोळ्यांवर काळी पट्टी बांधायची आणि पोरानं वास घेऊन, हात फिरवून पुस्तक वाचायचं. विवेकवादी मंडळींनी जागोजागी जाऊन दाखवून दिलं, की पोर नाकाशेजारच्या फटीतून बघतं. फट बुजवली की मेंदूही बुजतो. एका गल्लीत वाचनासाठी डोळ्यांचा व्यायाम, पलीकडच्या गल्लीत डोळे बांधून वाचन. दोन्हींकडं एकाच घरातली दोन भावंडं जाताना मी स्वतः पाहिली आहेत. बाप शिक्षक होता.

*

मग वाचन येतं कशानं? फ्रॉस्टिग बाईंच्याच काळात बाँड आणि डायक्स्ट्रा या जोडीनं अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गांचा मोठा अभ्यास केला. १९६७ साली तो छापून आला. वर्षअखेरीला कोण वाचेल याचा सगळ्यांत चांगला अंदाज कशावरून बांधता आला? त्रिकोणावरून नाही, बुद्ध्यांकावरूनही नाही. पहिलीत पाऊल टाकताना ज्याला अक्षरांची नावं ठाऊक होती, त्याच्यावरून.

थांबा, लगेच अक्षरांच्या नावांचा वर्ग उघडू नका. तेही करून झालंय. नुसती नावं घोकून घेतली तर वाचन पुढं सरकत नाही, असं सॅम्युअल्स यांना १९७२ साली दिसलं. अक्षराचं नाव ठाऊक असणं हे औषध नव्हतं, ती खूण होती. या घरात कुणीतरी कागद हातात घेतं, बोट ठेवतं आणि लेकराशी बोलतं, याची खूण. उंबऱ्याशी ओल्या चपला दिसल्या की बाहेर पाऊस आहे एवढं कळतं. चपला बादलीत बुडवल्यानं पाऊस पडत नाही.

आणि ही सगळी कथा इंग्रजीची, सव्वीस अक्षरांची. आपल्याकडं नजरेला खरंच काम आहे, आणि ते कुणी नाकारू नये. घ आणि ध यांच्यात फरक किती? डोक्यावरची रेघ पूर्ण आहे की तुटली, एवढाच. भ आणि म यांचंही तेच. प च्या पोटात काडी घातली की ष, व च्या पोटात घातली की ब. ट, ठ, ढ, द ही भावंडं तर एका रांगेत उभी केली की मोठ्यांनाही चकवतात. ‘खवा’ लिहिताना हात जरा सुटला तर ख चा रव होतो आणि खव्याचा रवा. किराण्याच्या यादीत याचे परिणाम मी भोगलेत.

त्यात आपला र. ‘रस’मध्ये सरळ उभा, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढलेला, ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरका, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी छत्री उघडून बसलेला, आणि ‘दऱ्या’मध्ये नुसतीच एक भुवई. पाच सोंगं, आवाज एक. आकार बदलला तरी तोच ओळखणं याची परीक्षा घ्यायला फ्रॉस्टिग बाईंनी लहान-मोठे चौकोन काढले. त्यांना कुणीतरी ‘राष्ट्र’ दाखवायला हवा होता. ल ची गोष्ट वेगळीच : बालभारतीच्या पुस्तकात एक, आजोबांच्या मोबाइलवर दुसरा. आणि ह्रस्व वेलांटी? ‘कि’ या अक्षरात डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि मग क. तोंडात मात्र आधी क येतो आणि मग इ. सहा वर्षांच्या जिवानं डोळ्यानं पुढं जायचं आणि जिभेनं मागं. ‘किती’, ‘चिमणी’, ‘शिक्षण’. पोर शिक्षणाच्या पहिल्या अक्षरालाच अडखळतं, ते उगाच नाही.

एकेका व्यंजनाची बाराखडी मांडली की चारशेच्या आसपास चिन्हं होतात. जोडाक्षरं वेगळी. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर काम केलंय. कन्नड लिपी दिसायला निराळी असली तरी तिचा कारभार आपल्यासारखाच. २००७ साली त्यांनी दाखवून दिलं, की अशा लिपीत अक्षरओळख पहिलीत संपत नाही, ती चौथीपर्यंत चालूच राहते. इंग्रजीत एका वर्षात उरकणारं काम इथं चार वर्षं पुरतं. मग चौथीच्या आत पोराला ‘मंद’ म्हणणाऱ्या माणसाची आकडेमोड आधी तपासली पाहिजे.

नजर लागते ती अशी. पण ती त्रिकोण बघून येत नाही. घ आणि ध मधला फरक घ आणि ध बघूनच कळतो, आणि तोही ‘घर’ आणि ‘धर’ यांचा अर्थ कळला तर लवकर कळतो. अंबाजोगाईला दासोपंतांनी चारेक शतकांपूर्वी चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. ती पासोडी बघायला गेलात तर बघा, माणसं आधी लांबी बघतात आणि मग नकळत एखादा ओळखीचा शब्द शोधायला लागतात. एक सापडला की चेहरा उजळतो. वाचन म्हणतात ते एवढंच असतं. बाकीचा कपडा.

पालघर जिल्ह्यात मराठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड शिकणारी मुलं तीन वर्षं पाठीमागं राहून पाहिली गेली. अझीम प्रेमजी विद्यापीठानं त्याचा अहवाल २०१७ साली काढला. मुळाक्षरं आणि बाराखडी यांच्या रेट्यात शब्दाचा अर्थ मागं पडतो आणि लिहिणं म्हणजे बहुतेक वेळा फळ्यावरचं उतरवून काढणं, हे त्यातलं सूत्र. म्हणजे नमुना पाहून उतरवणं! १९६५ची मेट्रोपॉलिटन परीक्षा आपल्या वर्गात रोज, वर्षभर, विनामूल्य चालू आहे. बीडचा वर्ग याहून वेगळा असेल असं ज्याला वाटतं, त्यानं कुठल्याही सोमवारी साडेअकराला खिडकीतून डोकावून यावं.

निष्पक्षपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पत्रं येतात. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०१९च्या पाहणीत देशातल्या २६ जिल्ह्यांतली चार ते आठ वर्षांची सुमारे ३७ हजार मुलं होती. त्यांना वर्गवारी, लहान-मोठ्याचा क्रम, नमुना आणि चार तुकड्यांचं कोडं अशी कामं दिली होती. ज्यांना ती जमली, त्यांना भाषा आणि गणितही बरं जमत होतं. संबंध आहेच. पण ‘असर’वाल्यांनी त्यावरून वर्ग काढा असं सांगितलं नाही. या वयात घोकायला लावण्यापेक्षा खेळू द्या, असं सांगितलं. खेळू देण्यात कमिशन नसल्यामुळं ही शिफारस तशीच पडून आहे.

*

सरकारनं मात्र खेळाचाच एक मेळावा काढलाय, आणि त्याबद्दल मी चांगलं बोलणार आहे. २०२२पासून जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘पहिलं पाऊल’ नावाचा शाळापूर्व तयारी मेळावा होतो. एकदा एप्रिलात, एकदा जूनमध्ये. सात टेबलं : नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि शेवटी आयांना मार्गदर्शन. प्रत्येक पोराच्या हातात एक विकासपत्र. नापास कुणी नाही. डोक्यात कागदी मुकुट सगळ्यांच्या.

शिरूर कासार तालुक्यातल्या एका शाळेत मी तो पाहिला. लिंबाच्या सावलीत टेबलं मांडलेली, स्पीकरवर बालगीत, आणि मुकुट सारखे डोळ्यांवर घसरणारे. बौद्धिक विकासाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा हत्ती चार तुकडे करून ठेवला होता.

पहिला आला किराणा दुकानदाराचा मुलगा. तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीत व्हॅननं जाणारा. त्यानं सोंड शेपटीच्या जागी लावली आणि समाधानानं मागं सरकला. आजी कानात काहीतरी पुटपुटली, तर त्यानं कान पायाखाली घातला. मागं एक मुलगी उभी होती, सहाच्या आसपासची. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीला गेलेले आई-बाप आठवड्यापूर्वीच सांगलीकडून परतलेले. हातांवर उसाच्या पाचटानं ओढलेले बारीक ओरखडे, काही सुकलेले, काही ताजे. अंगणवाडीताईंचं “बघ बाळा, असं कर” पूर्ण व्हायच्या आत तिनं हत्ती उभा केला. मग तुकडे मोडले आणि पुन्हा उभा केला, या वेळी ताईंकडं बघत.

भाषेच्या टेबलावर सगळं उलटलं. मुलगा धडाधड. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, थेट ज्ञ ज्ञानेश्वराचापर्यंत. शाळेच्या बाईंनी तीन पत्ते ओळीनं ठेवले, क म ळ. “हे काय झालं रे?” मुलगा म्हणाला, “क. म. ळ.” “म्हणजे काय?” “क. म. ळ.” त्याच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता. मुलीला एकही अक्षर येत नव्हतं. बाई एकेक पत्ता वर धरत होत्या आणि ती मान हलवत होती, न लाजता.

ज्या सहसंबंधावर माझ्या भाच्याच्या घरात रडारड झाली, तो या दोघांनी दहा मिनिटांत दोन्ही बाजूंनी खोटा पाडला. नजर असलेली वाचत नाही, वाचणाऱ्याला नजर नाही. (आणि वाचणारा तरी कुठं वाचत होता?) शहाऐंशी पैसे कुठं गेले असं कुणी विचारलं, तर सांगा, लिंबाखाली उभे आहेत.

अंकांच्या टेबलावर बाईंनी तिला चार हा अंक दाखवला. ती पहिल्यांदाच बोलली. “ह्यो आमच्या गाडीवर हाय.”

“कुठल्या गाडीवर गं?”

तिनं टेबलावरचे पत्ते चिवडले, दोन काढला, एक काढला, आणि चारच्या डाव्या बाजूला लावले. २ १ ४. “दोनशे चौदा.”

आईनं खुलासा केला. कारखान्याच्या यार्डात रात्री दोन-तीनशे टायरगाड्या उभ्या असतात. काट्यावर नंबर लागायला पहाट होते. कोपीवरून, म्हणजे तिथल्या झोपडीवरून, भाकरी घेऊन ही आणि हिचा भाऊ जातात. अंधार, धुकं, सगळे बैल सारखे, सगळ्या मोळ्या सारख्या. बाप कुठल्या गाडीखाली झोपलाय ते कळायचं कसं? तर फळीवर चुन्यानं लिहिलेला नंबर बघून. भाऊ चुकतो, ही चुकत नाही.

गर्दीतून आकृती वेगळी काढणं. फिगर-ग्राउंड परसेप्शन. आणि वर अर्थही : भाकरी, बाप, घर.

बाईंनी विकासपत्र पुढं ओढलं. पेन हातात तसंच. “सर, हे कुठल्या रकान्यात लिहू?” मीही पाहिलं. तसा रकाना नव्हता. बाईंनी ‘अंक ओळखते’समोर बरोबरची खूण केली, क्षणभर थांबून तिथंच आणखी एक खूण केली, आणि मग खाडाखोड नको म्हणून दुसरी पुसली.

“औंदा ठेवता का हिला गावात?” बाईंनी आईला विचारलं. “हंगामी वसतिगृह असतंय आपल्याकडं.”

“ठिवू की. कधी उघडतंय?”

“मंजुरी आली की.”

“मुकादम दसऱ्याला गाडी भरतोय,” आई म्हणाली. तिच्याजवळ तारीख होती. बाईंजवळ नव्हती. मोठ्या गटाची तयारी म्हणतात ती कुणाची मोजायची, असा एक प्रश्न माझ्या तोंडावर आला होता. पण तेवढ्यात स्पीकरवर साहेब येत असल्याची घोषणा झाली आणि सगळ्यांचे मुकुट सरळ करायची धावपळ उडाली.

साहेब आले, फोटो झाले, साहेब गेले. टेबलं आवरताना ती मुलगी परत आली. हातात तेच तीन पत्ते. “हे न्हिऊ का?” बाईंनी इकडं-तिकडं पाहिलं आणि मान हलवली. पोरगी लिंबाखालून पळत सुटली, मुकुट वाटेत पडला, पत्ते पडले नाहीत.

संच परत करायचा होता. बाईंनी साहित्य नोंदवही उघडली, पुठ्ठ्याचा हत्ती, तुकडे चार, असं लिहिलं, आणि खाली वळणदार अक्षरात भर घातली : ‘अंकपत्ते, नग तीन, गहाळ.’